गिअर ऑइलचा वास

चाकणच्या एका कंपनीत मी गिअरबॉक्सच्या तपासणीवर आहे. माझं काम म्हणजे पगारी नाक मुरडणं. समोर आलेल्या मालातली खोट शोधायची आणि लाल चिठ्ठी लावून तो परत पाठवायचा. वीस वर्षं हेच केल्यामुळे घरीही स्वभाव तसाच झाला आहे. भाजीवाल्यापासून सासऱ्यांपर्यंत कुणी माझ्या तपासणीतून सुटत नाही. अशा माणसाने दिघीहून एक छोटी जुनी गाडी घेतली आणि तिचाच गिअरबॉक्स गळका निघाला, हे मी कुठल्या तोंडाने सांगणार होतो?

घेताना मी गाडीखाली वाकून पाहिलं होतं. खालची बाजू नुकतीच धुतलेली दिसली. मालक टापटिपीचा आहे, असं मी बायकोला कौतुकाने म्हणालोसुद्धा. मग रहाटणीतल्या आमच्या सोसायटीत पेढे वाटले, आणि वाटताना "आपण पारखूनच घेतो" हे प्रत्येक दारात ऐकवलं.

आठवड्याभरात पार्किंगच्या फरशीवर डाग दिसला. चाकाकडे जाणारा दांडा गिअरबॉक्समधून जिथे बाहेर पडतो, तिथलं रबरी सील गेलं होतं आणि तिथून ऑइल थेंब थेंब गळत होतं. मला ते एका नजरेत कळलं. गॅरेजला एका दिवसाचं काम होतं. पण कोपऱ्यावरच्या गॅरेजात आमची सगळी सोसायटी जाते, आणि तो गॅरेजवाला फाटक्या तोंडाचा. म्हणून मी फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा कापला. तो कुणाला दिसणार नाही असा गाडीखाली सरकवायचा, आणि रोज सकाळी कंपनीची बस पकडायच्या आधी पुसून परत ठेवायचा. पुढे दुसरा गिअर चालता चालता सुटायला लागला, तर मी दांडी हाताने दाबून धरत गाडी चालवायला शिकलो. इतकी अक्कल मी आयुष्यात दुसऱ्या कुठल्या कामात वापरल्याचं आठवत नाही.

एक दिवस पुठ्ठा भिजून फाटला. फरशीला उतार आहे, त्यामुळे ऑइल ओघळत शेजारच्या बाइकखाली गेलं. ती बाइक तिसऱ्या मजल्यावरच्या भाडेकरूची. लातूरकडचा तिशीतला माणूस, चाकणलाच एका कंपनीत असेंब्लीवर कंत्राटी कामाला. आमच्या सेक्रेटरींची आई पूजेला फुलं काढायला खाली आली आणि नेमकी तिथे घसरली. हाड मोडलं नाही, पण मनगट टम्म सुजलं.

त्या रविवारी पार्किंगमध्येच मीटिंग भरली. सेक्रेटरी मूळचे इथल्याच गावचे, भडक डोक्याचे. त्या दिवशी मात्र शांतपणे माझ्याकडे वळले.

"साहेब, तुम्ही या लायनीतले. बघा बरं, ह्ये ऑइल कुठल्या गाडीचं हाय? तुम्ही म्हणाल ते फायनल."

मी उकिडवा बसलो. बोट बुडवून नाकाशी नेलं. गिअर ऑइलला गंधकासारखा उग्र वास असतो. एकदा नाकात बसला की माणूस चुकत नाही. वास आला. माझ्याच गाडीचा. "माझं आहे" एवढे दोन शब्द बोलायचे होते. मी मान वर केली, तर माझे पेढे खाल्लेली सगळी मंडळी वाट बघत उभी होती.

"इंजिन ऑइल आहे," मी म्हणालो. "बाइकचं."

भाडेकरू नाइट शिफ्ट करून नुकताच येऊन उभा राहिला होता, हेल्मेट हातातच. "माझी गाडी गळत नाही ओ," तो म्हणाला.

"मग साहेब काय खोटं बोलतील का?" कुणीतरी त्याला गप्प केलं. मी रुमालाने बोट पुसत राहिलो.

बाइक आत लावायची नाही असं ठरलं. ती बाहेर रस्त्यावर, कचऱ्याच्या डब्याजवळ गेली. त्याच्या घरमालकाला फोन गेला की पुढचं ॲग्रीमेंट करताना जरा विचार करा. त्याची बायको सेक्रेटरींच्या घरी जाऊन त्यांच्या आईच्या पाया पडून आली. हे मला माझ्या बायकोने सांगितलं आणि म्हणाली, "आता तो पुठ्ठा तरी फेकून द्या."

मी फेकला नाही. दुहेरी केला.

पंधरा दिवसांनी गाडी गेटमध्येच अडकली. पहिला गिअर पडेना, रिव्हर्स टाकला की नुसती खडखड. मागे हॉर्न वाजायला लागले. बाहेर बाइक पुसत असलेला भाडेकरू धावत आला, एकट्याने ढकलून गाडी कडेला लावली आणि सवयीने खाली वाकला. थेंब पडत होते. त्याने एक बोटावर घेतला, वास घेतला आणि बोट पँटला पुसलं.

"ॲक्सलचं सील गेलंय साहेब. वरून ऑइल भरून भागायचं नाही."

मला रस्त्यात गाडून घ्यावंसं वाटलं. "त्या दिवशीचंही हेच होतं," मी म्हणालो.

"मला तवाच कळालं होतं. रोज हात ह्याच ऑइलात असतेत."

"मग बोलला का नाहीस?"

"माझं कोण ऐकणार? तुम्ही क्वालिटीचे." त्याच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

"मी आत्ताच्या आत्ता सेक्रेटरींना सांगतो," मी म्हणालो. आणि त्या क्षणी मी खरंच सांगणार होतो.

तो घाबरला. त्याने हातच जोडले. "नका सांगू साहेब. पुढच्या महिन्यात ॲग्रीमेंट आहे. आता कुठं सगळे गप झालेत. परत मीटिंग भरली की परत माझंच नाव निघंल. राहू द्या."

माझा जीव भांड्यात पडला. "बरं, तू म्हणतोस तर राहू दे," असं मी म्हणालो, आणि वर त्याच्या खांद्यावर हात ठेवला, जणू मीच त्याला सांभाळून घेत होतो. खोटं बोललो ते घाईत, चारचौघांसमोर. त्याची लाज वाटतेच. पण या हाताची जास्त वाटते.

सील मी लांबच्या गॅरेजात बदलून घेतलं. त्याचं ॲग्रीमेंटही झालं, त्याला आता चार महिने होतील. आता मी सांगितलं तर त्याचं काही बिघडणार नाही. बाइक अजून कचऱ्याच्या डब्याजवळच उभी असते. मी रोज सकाळी तिच्या शेजारून बस पकडायला जातो, आणि त्याने राहू द्या म्हटलंय, असं स्वतःला सांगतो.