हे गप्प झाले तेव्हा

लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं आणि पाऊस आमच्या मुरुडाकडं फिरकायला तयार नव्हता. त्या दिवसांतलं सगळं मला पांढरं आठवतं: रस्ता, आभाळ, यांचा सदरा. यांना नसलेल्या माणसांचे आवाज ऐकू यायचे. हे भिंतीशी भांडायचे, दुकानातलं गिऱ्हाईक पळायचं. लातूरच्या डॉक्टरांनी इंजेक्शनं सुरू केली आणि थोड्याच दिवसांत हे गप्प झाले.

घर हरखलं. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, महादेवापुढं नारळ फोडून आल्या. हे ओसरीवर नुसते बसून. मीसुद्धा त्या शांततेत झोपेत चालल्यासारखी वावरत होते.

मग यांचं अंग तापलं. ऊन लागलं म्हणून सगळ्यांनी तळपायाला कांदा चोळला, पन्हं पाजलं. ते ओठांतून ओघळून गेलं. घामानं भिजलेला सदरा बदलायला गेले तर हात कोपरात वाकेचना. नुसतं लाकूड. हाक मारली तर यांची नजर माझ्या आरपार, कुठंतरी लांब. पडू द्या, औषध लागू पडलंय, असं दीर म्हणाले आणि माझं टाळकंच सरकलं. कुणाला न विचारता मी जीप बोलावली.

लातूरच्या सरकारी दवाखान्याला अजून नव्या रंगाचा वास होता. तिथल्या डॉक्टरांनी यांचा हात वाकवून पाहिला, ताप पाहिला, इंजेक्शन कधी दिलं ते विचारलं. म्हणाले, हे ऊन नव्हे. या औषधानंच क्वचित कुणाला असं होतं, जिवावर बेततं. औषध आत्ताच्या आत्ता बंद, सलाईन लावा, अंग गार करा. मागोमाग आलेल्या आत्याबाईंनी त्यांचे पायच धरले. औषध थांबवलं तर पोरगं पुन्हा बडबडायला लागेल, म्हणाल्या. लागेलही, डॉक्टर म्हणाले.

मी त्यांना उठवलं. "आत्याबाई, येडे असू द्या, पण जिते पाहिजेत मला."

मग नुसतं पाणी. त्या दुष्काळात घागरीमागून घागर यांच्या अंगावर रिचवली. फडकं भिजवायचं, पिळायचं, ठेवायचं. वार कुठला, कळेना. पंख्याखाली मीच कुठल्या तळ्यात तरंगतेय असं वाटायचं. हळूहळू ताप उतरला, बोटं सुटली.

एका दुपारी हे भिंतीकडं वळले आणि पुटपुटू लागले. कुणाला तरी दटावत होते. आत्याबाईंनी तोंडाला पदर लावला. मी उशाशी बसून रडत ऐकत राहिले, आणि देवा, किती गोड लागत होतं ते भांडण.