उसन्या चालीचं भजन

माझा आवाज गेला तेव्हा आधी मला देवाचाच राग आला. डोक्यावर पाटी घेऊन उस्मानपुऱ्याच्या गल्ल्यांत जुन्या कपड्यांवर भांडी देत फिरले, घासाघीस करून पुंडलिकनगरात स्वतःचं दुकान उभं केलं, ते सगळं या आवाजावर. आणि एका सकाळी उठले तर तोंडातून नुसती हवा. घशाच्या डॉक्टरांनी नळी घालून पाहिलं. म्हणाले, घसा ठणठणीत आहे. गुरुवार न मोडणाऱ्या बाईशी दत्तानं असं वागावं, हे मला पटलं नाही. अजूनही पटत नाही.

मग घशाच्या डॉक्टरांनीच मला मनोविश्लेषण करणाऱ्या डॉक्टरीणबाईंकडे पाठवलं. तिसऱ्या खेपेला त्यांनी विचारलं, "कुणाशी अबोला आहे का?" मी वहीत लिहिलं: धाकट्या बहिणीशी, अकरा वर्षं. आई पिशोरला तिच्या घरी वारली आणि हिनं मला कळवलं ते अग्नी दिल्यावर. आवाज गेला त्याच्या आदल्या दिवशी तिचा फोन आला होता. मी उचलला नाही. बाई म्हणाल्या, "अबोला तुम्ही धरलात. आता त्यानं तुम्हाला धरलंय." मी तडक उठून आले. चूक तिची आणि दुखणं मला, हा कुठला न्याय?

त्याच संध्याकाळी गल्लीतल्या दत्तमंदिरात भजनी मंडळानं दत्ताचं नाव एका जुन्या सिनेगीताच्या चालीवर धरलं. चाल तरी कोणती? आई भांडी घासताना म्हणायची आणि आम्ही दोघी ताटं वाजवून साथ द्यायचो, तीच. माझं डोकं फिरलं. हात हलवत त्यांना बंद करायला गेले. पेटीवर नेहमीचे बुवा नव्हते. पेटी दुरुस्त करून घेऊन आलेले एक म्हातारे मुसलमान गृहस्थच वाजवत होते. त्यांनी माझ्या हलणाऱ्या ओठांकडे पाहिलं.

"आपा, सुर उंचा होरा क्या? उतारतूं मैं. तुम बोलो."

जन्मभर घासाघिशीत मी समोरच्याला खाली उतरवत आले. न मागता माझ्यासाठी उतरणारा माणूस तो पहिलाच. त्यांनी सूर उतरवला, आणखी उतरवला, आणि थांबून राहिले. माझ्या घशातून आवाज फुटला, पण शब्द आले ते सिनेमातले, प्रियकराला रुसू नको म्हणणारे.

"काकू तर दत्तालाच लाडीगोडी लावायल्या," शेजारची शोभा म्हणाली. बायका हसत सुटल्या. मी रडत गात होते.

देवळाच्या पायरीवरूनच बहिणीला फोन लावला. आईचं तोंड मला का बघू दिलं नाहीस, एवढंच विचारलं, ओरडून. ती म्हणाली, "चुकलं अक्का माझं. अजून बोल. लई वर्षं झाली तुझं ओरडणं ऐकून."

राग गेला असं मी म्हणणार नाही. पण आधी तिनं पाया पडावं, मग मी बोलेन, अशी अट घालून मी इतकी वर्षं देवासमोर बसत होते. ती अट मी सोडली नाही, माझ्या हातून सुटली. तेवढ्यासाठी रोज हात जोडते, आणि मग बहिणीला फोन करून भांडते.