साक्षीला पुरेल एवढं पाप

आमच्या ख्रिस्ती मंडळीत मान मिळवायचा तर आधी एखादं दांडगं पाप केलेलं असावं लागे. असा नियम कुठं लिहिलेला नव्हता, पण दर बुधवारी संध्याकाळी साक्षीची सभा भरे तेव्हा तो लहान पोरालाही कळे. एकेकानं उठायचं, आपण पूर्वी किती वाईट होतो आणि प्रभूनं कसं बाहेर काढलं ते सांगायचं, याला साक्ष म्हणत. ज्याचा चिखल खोल त्याची साक्ष मोठी. आमच्यात शेळ्या चोरून सुधारलेला एक गृहस्थ होता. पहिल्या साक्षीत त्यानं एक शेळी चोरली होती म्हणे. मी ऐकू लागलो तोवर तिच्या बारा झाल्या होत्या, आणि वार्षिक मेळाव्यात तर तो अख्खा कळप हाकायचा, राखणीच्या कुत्र्यासकट. त्याला मंडपात हातांची खुर्ची मिळे आणि जेवणात मटणाची नळी.

मी गंगाखेडला जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर. जन्मापासून ख्रिस्ती, बापही ख्रिस्ती, घरात विडीचासुद्धा वास नाही. एकदा धीर करून उठलो आणि सातवीत असताना शेजाऱ्याचे पेरू चोरल्याचं सांगितलं. पाळकसाहेब म्हणाले, "बरं. बसा, गुरुजी." किती पेरू होते हेही कुणी विचारलं नाही. मला त्या शेळीवाल्याचा मनापासून हेवा वाटला.

मला पंच व्हायचं होतं. मंडळीचा कारभार बघणारी चार-पाच माणसं, ते पंच. प्रार्थनेत मात्र मी गहिवरून म्हणे, "प्रभू, मला मोठं करू नकोस, तुझंच नाव मोठं कर," आणि एक डोळा किलकिला करून बघे, साहेबांनी ऐकलं का ते.

दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली होती. त्या उन्हाळ्यात ऐन मेळाव्याच्या दिवशी शेळीवाला हिवतापानं आडवा झाला. साहेब मंडपामागं डोकं धरून बसले. आता साक्ष कोण देणार? मी खाली मान घालून म्हणालो, "मी देतो. आजवर लाजेपायी सांगितली नव्हती." हे वाक्य मला कुठून सुचलं ते अजून कळत नाही. पण बरं सुचलं होतं.

लाउडस्पीकरसमोर उभा राहिलो आणि उभ्याउभ्या पाच वर्षं दारू प्यालो. दारूची चव मला ठाऊक नव्हती, पण उचलली जीभ लावली टाळ्याला. गटारात लोळलो, पगार उडवला, बायकोवर हात उचलला. शेवटी एका पहाटे प्रभूनं हाक मारली आणि बाटली हातातून गळून पडली ती पडलीच. बायकांच्या बाजूला हुंदके सुरू झाले. फक्त माझी बायको रडत नव्हती. ती माझ्याकडं टक लावून बघत होती.

घरी आल्यावर तिनं शांतपणे विचारलं, "अहो, तुमी पाच वर्षं पिलात, तवा मी कुठं होते?"

"प्रभूच्या गौरवासाठी जरा वाढवून सांगितलं."

"तुमच्या थापेवाचून प्रभूचं काय अडलं होतं?"

बायकांना सेवेची तळमळ कळत नाही, अशी मी स्वतःची समजूत घातली.

मग मला बोलावणी येऊ लागली. ताडकळसला गेलो, बोरीला गेलो. हार पडले, नळ्या मिळाल्या. लोकांनी मला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं आणि मीही आनंदानं वरची फांदी शोधत राहिलो. ताडकळसच्या साक्षीत दारूनं माझं काळीज सुजलं होतं. बोरीला पोचेपर्यंत डॉक्टरांनी हात टेकले. तिथल्या बायकांनी 'त्या सोसलेल्या माउलीला' म्हणून माझ्याबरोबर एक लुगडं पाठवलं. बायकोनं ते घडी न मोडता ट्रंकेत टाकलं. म्हणाली, "मार खाल्लेल्या बाईचं हाय हे. ती आली की देऊ."

पंचांच्या यादीत माझं नाव लागलं.

अशात एका रविवारी दुपारी एक गवंडी दारात आला. बोरीचा. माझी साक्ष ऐकलेला, आणि पत्ता विचारत एसटीनं इतक्या लांब आलेला. बसला आणि म्हणाला, "गुरुजी, मीबी सोडली. तुमचं ऐकून."

माझी छाती फुगली. आत बायकोला ऐकू जावं म्हणून मी मोठ्यानं म्हणालो, "प्रभूची स्तुती असो!"

"पर एक इचारायचं होतं. ह्ये हात बघा." त्यानं दोन्ही हात पुढं केले. बोटं थरथरत होती, थांबतच नव्हती. "ओळंबा धरला तर दोरी थांबंना. कामावरून घरी लावून दिलंय. अंगावर मुंग्या चढायल्यात. तुमचं ह्ये किती दिस चाललं?"

माझ्या साक्षीत हात नव्हते. बाटली गळून पडली की लगेच गीत सुरू व्हायचं. हे कुणी विचारील असं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

"तीन दिवस."

"तीनच?"

"तीनच. प्रार्थना केली, चौथ्या दिवशी सगळं साफ."

तो हात मांडीखाली दाबून बसला. मग म्हणाला, "माझा आज नववा. प्रार्थना तर मीबी करायलोय. म्हंजे माझाच इस्वास कच्चा हाय. देवाला मी नको असंन." आणि उठून चपला शोधायला लागला.

आता खरं बोलायला पाहिजे हे मला कळत होतं. पण मी मनातल्या मनात पंचांची यादी वाचत होतो. आमच्या घरापासून स्टँडपर्यंत दोन गुत्ते लागत, तेही मला ठाऊक होतं. तरी तो उंबऱ्याशी पोचला आणि माझं तोंड उघडलं नाही.

बायको आतून आली. "दादा, थांबा. ह्यांनी जन्मात दारू चाखली न्हाई. ह्यांना ना तीन दिवस ठाव, ना नऊ."

गवंडी माझ्याकडं बघत राहिला. त्यानं माझी गचांडी धरली असती तर बरं झालं असतं. पण त्याला माझ्याशी काही देणंघेणंच उरलं नव्हतं. त्यानं तिलाच विचारलं, "मग ह्ये हात असेच असत्यात का, बाई?"

"माझ्या भावाचे महिनाभर होते. डॉक्टरकडं न्यावं लागलं. सुटली त्याची. तुमी लाज धरू नका."

"महिनाभर," तो म्हणाला आणि पुन्हा खाली बसला. "मला वाटलं, देवानं मलाच सोडलं."

मेहुण्याची ही हकिगत लग्नाला आठ वर्षं होऊन मला ठाऊक नव्हती. लग्नाआधी तिनं त्याच्या ओकाऱ्या काढल्या होत्या, हातानं भरवलं होतं. साक्षीच्या सभेत ती कधी उठली नाही, आणि मीही कधी विचारलं नाही. तिनं चहा केला. गवंड्याला कप धरवेना, म्हणून खालून बशी मी धरली. तेवढंच काम मला देण्यासारखं होतं.

संध्याकाळी मी साहेबांकडं जाऊन सगळं कबूल केलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि फार कळकळीनं म्हणाले, "गुरुजी, एवढी चांगली साक्ष, वाया कशाला घालवता?"

तरी बुधवारी मी उभा राहिलो आणि सगळं खोटं होतं म्हणून सांगितलं. आता लोक तोंडावर थुंकतील, या तयारीनं गेलो होतो. पण मागून कुणीतरी म्हणालं, "केवढी ही नम्रता!" दुसऱ्यानं डोळे पुसले. साहेबांचा चेहरा उजळला. "ही तर आधीच्याहून भारी. महिन्यावर मेळावा आलाय, त्यात हीच द्या."

मी साफ नकार दिला, असं लिहायला मला आवडलं असतं. मी हो म्हणालो.

गवंडी औषधासाठी गंगाखेडलाच बहिणीकडं राहिला होता. रविवारी मागच्या बाकावर बसे. हात निम्मे-अर्धे थांबले होते, गीताचं पुस्तक अजून दोन्ही हातांनी धरी. त्याला मी कधी विचारलं नाही, की तुझं चारचौघांत सांगू का.

मेळाव्याच्या सकाळी आरशासमोर दाढी करत मी साक्षीची उजळणी करत होतो. गवंड्याचा भाग आला. तो नुसता सांगून रंगणार नाही, असं वाटलं. मी वस्तरा खाली ठेवला, दोन्ही हात पुढं केले आणि बोटं त्याच्यासारखी थरथरवून बघितली. छान जमत होतं. पुन्हा केली.

मागून बायको म्हणाली, "आता त्याचे हातबी घेतले का?"

अर्ध्या दाढीनंच मी साहेबांकडं गेलो आणि मेळाव्याच्या साक्षीतून माझं नाव काढायला सांगितलं.