मायाचेकची द्राहा

मायाचेक म्हणजे चेक देशातल्या आमच्या बर्नोचं, इंटरनेटवरचं शोधयंत्र. द्राहोमीरा, आमची द्राहा, तिथे माझ्या शेजारी बसायची आणि लोकांच्या साइट स्वतः वाचून योग्य त्या कप्प्यात टाकायची. एकानं साइटवर विषारी अळंबी खाण्याजोगी म्हणून दाखवली होती, तर बाईनं फोन करून त्याच्या सात पिढ्यांचं उणंदुणं काढलं.

आमच्याकडे कॅलेंडरात रोज एका नावाचा दिवस असतो, त्या नावाच्या माणसांना फुलं द्यायची. पहिल्या पानावर आज कुणाचा नामदिन तेही तीच लिहायची. अर्धं गाव तेवढ्यासाठी यायचं. एकदा तिनं ल्युदमिलांचा दिवस आदल्याच दिवशी लिहिला. गावातल्या झाडून सगळ्या ल्युदमिलांना फुलं मिळाली, आणि ज्यांचा खरा दिवस होता त्या योलानांनी नवऱ्यांना उपाशी ठेवलं. द्राहा पोट धरून हसायची. "चूक झाली तरी लोक आपलंच ऐकतात रे!"

मग स्मार्टफोन आले. प्रत्येकात एका मोठ्या परदेशी कंपनीचं शोधयंत्र आधीच बसवलेलं. त्यासाठी ती कंपनी फोनवाल्यांना पैसे मोजायची. उंबऱ्यावरच दुकान थाटलं तर बाजारात कोण मरायला जातं? निवडायचं असतं हेच लोक विसरले. मला अजून चीड येते.

"काल किती लोक आले रे साइटवर?" द्राहा रोज विचारायची. पुढे मी विषय बदलायला लागलो.

"मला त्यांच्या प्रश्नांची आठवण येते," ती एकदा म्हणाली. "काय काय विचारायचे मेले!"

नव्या कायद्यानं फोनवाल्यांना गिऱ्हाइकाला विचारणं भाग पडलं: कुठलं यंत्र हवं? तरीही लोक परतले नाहीत, तर मायाचेक हिवाळ्यात बंद होणार होतं. त्याच सुमारास द्राहाच्या बहिणीनं, ब्लाझेनानं, नवा फोन घेतला आणि बिअरच्या गुत्त्यात आमच्यासमोरच उघडला.

"कुठलं हवं म्हणून विचारतोय गं हा."

"मी काही सांगणार नाही. तुझं तू बघ."

"नाक कशाला फुगवतेस? मायाचेकच घेणार. सख्खी बहीण ना तू माझी!"

आम्ही ग्लास भिडवले. द्राहाचे डोळे भरून आले. इतकी आनंदात मी तिला कैक वर्षांत पाहिली नव्हती.

"आता विचार ना काहीतरी," ती म्हणाली. "काहीही विचार."

ब्लाझेनाला आलुबुखार भरून उकडलेल्या कणकेच्या गोळ्यांची कृती हवी होती. तिनं मायाचेकच्या चौकटीत त्या मोठ्या कंपनीचं नाव लिहिलं.

"हे काय गं?"

"काय म्हणजे? आधी तिथे पोचायला नको? नाहीतर शोधणार कुठे?"

द्राहानं फोन हातात घेतला. मायाचेकनं पहिल्याच ओळीत त्या कंपनीचा पत्ता दिला होता.

"बरोबर दिलाय," ती म्हणाली, आणि फोन परत केला.