आमच्या साडूंचे ताजे शोध

जगात रोज जे काही शोध लागतात, त्यांपैकी निम्मे तरी बदलापूर पश्चिमेला, बेलवलीतल्या एका दुसऱ्या मजल्यावरच्या बाल्कनीत लागतात आणि माझा चहा निवायच्या आत मला फोनवरून कळतात. ते लावणारे गृहस्थ म्हणजे आमचे साडू, माझ्या बायकोच्या पाठच्या बहिणीचे यजमान. सॉफ्टवेअर इंजिनिअर आहेत. मी अंबरनाथ एमआयडीसीतल्या एका कारखान्यात स्टोअर्स सांभाळतो. माझं संगणकाचं ज्ञान 'एकदा बंद करून परत चालू करा' इथे सुरू होतं आणि तिथेच संपतं, त्यामुळे कुठलीही शंका न विचारता 'अरे वा' म्हणणारा माझ्याइतका गुणी श्रोता साडूंना ठाणे जिल्ह्यात दुसरा नाही. "दादा, शोध लागलाय," असं ते ज्या आवाजात सांगतात, त्या आवाजात इतर लोक 'मुलगा झाला' असं सांगतात. शोध बहुधा असा असतो, की काल जे बिघडलं होतं ते कुणीही बिघडवलेलं नव्हतं, त्यांनीच बिघडवलं होतं. पण आनंद तोच.

त्यांच्या कंपनीने सगळ्यांना प्रोग्राम लिहून देणारा एआय दिला, तेव्हा ऑफिसातल्या पोरांनी पहिल्या दिवसापासून त्याला राबवून घेतलं. साडू जुन्या वळणाचे. त्यांनी त्याला आधी नमस्कार लिहिला, मग स्वतःची ओळख करून दिली, आणि 'आपल्याला सवड असेल तर' अशी सुरुवात करून काम सांगितलं. मी एकदा मागून डोकावलो, तर ते लिहीत होते, 'आपलं जेवण झालं का हे विचारणं योग्य नाही याची कल्पना आहे, तरी राहवत नाही.' त्याचं जे उत्तर आलं त्याची सुरुवात होती, 'तुमचं अगदी बरोबर आहे.' साडू घायाळ झाले. हे वाक्य त्यांनी संसारात पुष्कळदा वापरलं होतं, ऐकलं मात्र कधी नव्हतं. पुढचे कितीतरी दिवस ते घरात छाती काढून फिरत होते, असं मेहुणी सांगते. मग त्यांना संशय यायला लागला. त्यांनी मुद्दाम त्याला सांगितलं, की बदलापूर समुद्रकिनारी आहे आणि खिडकीतून मला बोटी दिसतात. त्यावर तो म्हणाला, 'छान! मग हवामानाचा विचार करून प्रोग्राम लिहू या.' लगेच मला फोन. "दादा, शोध लागला. हा आमच्या सोसायटीच्या प्लंबरसारखा आहे. हो साहेब, झालं साहेब, टेन्शन नको साहेब. आणि गळती जिथल्या तिथे!"

"मग आता वापरणार नाही?"

"वापरणार तर. पण प्लंबर म्हटल्यावर पद्धत वेगळी. शेजारी स्टूल टाकून बसायचं, काम संपेपर्यंत हलायचं नाही." त्या दिवसापासून त्यांनी अहो-जाहो सोडलं आणि त्याला अरे-तुरे करायला लागले. त्यांच्या लेखी ती बढती होती.

डेटाबेस या वस्तूवर तर त्यांचं लग्नाआधीपासूनचं प्रेम आहे. ज्या गोष्टीला ओळी आणि रकाने पाडता येत नाहीत, ती त्यांना अपूर्ण वाटते. मेहुणीच्या स्वयंपाकघरातल्या डब्यांना त्यांनी क्रमांक दिले आणि कुठल्या क्रमांकात काय हे फोनवर दिसेल अशी सोय केली. मेहुणीने आठ दिवस सहन केलं, मग सगळे डबे घासून उलटेसुलटे मांडले आणि म्हणाली, "आता शोधा तुमची साखर. मला वासाने कळतं." सोसायटीतले रहिवासी आणि येणारे पाहुणे यांच्या नोंदी त्यांनीच संगणकावर आणल्या. एका रविवारी त्यांनी आपल्या प्लंबरला हुकूम सोडला, 'जुनी नावं काढून टाक.' जुनी म्हणजे किती जुनी हे सांगायचं राहिलं. त्याने रहिवाशांसकट सगळी बिल्डिंग काढून टाकली, कारण आदल्या दिवसापर्यंत नोंदलेलं प्रत्येक नाव त्याच्या लेखी जुनंच होतं. साडू संध्याकाळी भाजी घेऊन परतले तर वॉचमनने फाटकात काठी आडवी घातली. "साहब, आपका नाम नहीं दिख रहा."

"अरे, हे सगळं मीच बनवलंय!"

"वो तो मालूम है साहब. लेकिन आपने ही बोला था, नाम नहीं तो एंट्री नहीं." कोथिंबीर सुकेपर्यंत साडू फाटकाबाहेर उभे होते. तिथूनच त्यांनी मला फोन केला. आवाजात राग नव्हता, अभिमान होता. "दादा, सिस्टिम पक्की आहे हो!"

असा हा माणूस अण्णांच्या वधूवर मंडळाला लाभला. अण्णा म्हणजे आमचे सासरे. कारखान्यातून निवृत्त झाल्यापासून दर रविवारी सकाळी अंबरनाथच्या घराच्या पुढच्या खोलीत ते फुकट स्थळं सुचवतात. मुलांचे फोटो आणि माहिती बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यांत, मुलींची साड्यांच्या खोक्यांत. अण्णा डोळे मिटून खोक्यात हात घालत आणि एक कागद काढून म्हणत, "ही मुलगी हसरी आहे, तुमच्या घरात जरा आवाज होईल." गंमत म्हणजे, निम्म्या गावाची लग्नं जुळवणाऱ्या अण्णांची स्वतःची धाकटी मुलगी मात्र तशीच राहिली होती. ही आमची धाकटी मेहुणी. उल्हासनगरला कॅम्प एकमधल्या शाळेत गणित शिकवते. वर्गातल्या सिंधी पोरांकडून तिने 'चरियो' हा शब्द उचललाय. त्याचा अर्थ खुळा, आणि तो ती साडूंसाठी राखून ठेवते. साडू आमच्या घरात आले तेव्हा ती शाळेत शिकत होती, आणि दहावीचं गणित तिला त्यांनीच शिकवलेलं, म्हणून तिला तेवढा अधिकार आहे. लग्न करायचं नाही असं तिचं कधीच नव्हतं. "मला लग्न करायचंय हो भावजी," ती सरळ सांगायची, "मुलाखत द्यायची नाही." चाळिशी जवळ आली तशी घरातली माणसं तिच्यादेखत लग्नाचा विषय काढेनाशी झाली. तिला त्याचंच जास्त वाईट वाटायचं, असं माझी बायको म्हणते.

अण्णांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं आणि साडूंनी मंडळ आपल्या हातात घेतलं. "धाकटीचं मी जमवतो," असं त्यांनी सगळ्यांसमोर सांगून टाकलं. सगळे डबे आणि खोकी संगणकात गेली. प्लंबरकडून त्यांनी अशी करामत करवून घेतली, की ज्याचं त्याने फोनवर बघावं आणि दर शनिवारी प्रत्येकाला जुळणारी स्थळं आपोआप दिसावीत. काम देखणं झालं होतं, कबूल करायला हवं. मी अर्थातच 'अरे वा' म्हणालो. साडूंच्या स्वभावात एक खोट आहे, त्यांना रिकामा रकाना बघवत नाही. "पंक्तीत एखाद्याचं ताट रिकामं दिसावं तसं वाटतं, दादा." म्हणून त्यांनी हुकूम दिला, की लोकांनी जो रकाना सोडला असेल तिथे 'माहीत नाही' असं भर. आणि काही आईवडिलांचा आग्रह म्हणून दुसरा हुकूम दिला, की एकाच गोत्राची स्थळं एकमेकांना दाखवू नकोस. दोन्ही हुकूम आपापल्या जागी शहाणेच होते.

पहिल्या शनिवारी धाकटीच्या फोनवर आलं, 'आपल्यासाठी सध्या योग्य स्थळ उपलब्ध नाही.' दुसऱ्या शनिवारी तेच. महिना गेला, दुसरा गेला. पूर्वी अण्णांच्या खोक्यातून निदान एखादं बिनकामाचं तरी स्थळ निघायचं, त्याला नावं ठेवण्यात एक रविवार मजेत जायचा. आता काहीच नाही. एकदा जेवताना ती हसत म्हणाली, "चला, माणसांचे नकार संपले. आता मशीनचे सुरू." सगळे हसले. साडू हसले नाहीत. त्यांनी वाढलेला भात तसाच ठेवला आणि हात धुवायला उठले. त्यानंतर बरेच दिवस मला एकही शोध कळला नाही. मी न राहवून स्वतःच फोन केला, तर म्हणाले, "मी तिच्या अटी पुनःपुन्हा तपासतोय हो दादा. अट एकच आहे, माणूस बरा असावा. एवढ्या अटीवर सगळं बदलापूर बाद कसं होतं?"

मग तो रविवार आला. अण्णा दुसऱ्या डोळ्याच्या ऑपरेशननंतरचा काळा चष्मा लावून खुर्चीत, साडू लॅपटॉप घेऊन दिवाणावर, धाकटी म्हाताऱ्या मंडळींना फोनवर माहिती कशी भरायची ते शिकवतेय, आणि मी पोह्यांची बशी घेऊन कोपऱ्यात. इतक्यात एक उंच, सावळे गृहस्थ आत आले. बदलापूर पूर्वेचे, एमआयडीसीत शिफ्ट सुपरवायझर, रात्रपाळी करून थेट आलेले. चप्पल काढता काढताच म्हणाले, "काका, तुमचं मंडळ बंद पडलंय का? मला दर शनिवारी येतं, योग्य स्थळ उपलब्ध नाही. अहो, अयोग्य तरी दाखवा!"

धाकटी खळखळून हसली. "तुम्हालाही? मला वाटलं, माझाच मान आहे."

अण्णांना नीट दिसत नव्हतं, पण ऐकू उत्तम येत होतं. त्यांनी मान साडूंकडे वळवली. "जावईबापू, हे दोघं इथेच जवळपास राहतात, दोघांना लग्न करायचंय, दोघांना कुणी मिळत नाही. मग हे एकमेकांना का दिसले नाहीत, एवढं विचारा तुमच्या त्या संगणकातल्या पोराला."

साडूंनी विचारलं. स्क्रीनवर उत्तर उमटलं, आणि सवयीने त्यांनी ते मोठ्याने वाचलं. "या दोन व्यक्तींचं गोत्र एकच आहे. गोत्र: माहीत नाही."

धाकटी म्हणाली, "मी तो रकाना मुद्दाम सोडला होता. माझा विश्वास नाही त्याच्यावर." ते गृहस्थ स्वच्छ आवाजात म्हणाले, "मीही सोडला होता. आमच्याकडे गोत्र हा प्रकारच नाही, काका." आता हे वाक्य आमच्या घरात पडल्यावर काय होईल, याची मला खरोखर धास्ती वाटली, आणि माझा हात पोह्यांच्या बशीत तसाच राहिला. धाकटी अण्णांकडे बघत होती. हसू पार गेलेलं. अण्णांनी चष्मा वर सारला, पाणावलेल्या डोळ्यांनी आवाजाच्या दिशेला पाहिलं आणि म्हणाले, "म्हणजे विचारायची एक गोष्ट कमी झाली. बसा. पोहे घेता ना?"

इकडे साडूंनी दोन्ही हातांनी डोकं धरलं होतं. आपल्या मंडळात ज्यांनी ज्यांनी तो रकाना सोडला, ती सगळी माणसं त्यांनी एकाच कुळातली सख्खी भावंडं करून टाकली होती. ज्यांना ही अडचण नको होती, त्यांनाच नेमकं अडवून ठेवलं होतं. "चरियो," धाकटी म्हणाली. पण इतक्या मऊ आवाजात तिला तो शब्द म्हणताना मी कधी ऐकलं नव्हतं. साडूंनी तिथल्या तिथे नियम दुरुस्त केला, आणि पुढच्या शनिवारी मंडळातल्या लोकांना इतकी स्थळं दिसली, की अण्णांचा फोन वाजून वाजून गरम झाला.

त्या दोघांना संगणकाची गरज उरली नव्हती. बारवी धरणाच्या रस्त्याला चहा झाला, मग कारण नसताना परत चहा झाला. माझ्या सासूबाईंनी थोडे दिवस अबोला धरला, मग एक दिवस त्या स्वतःच विचारायला लागल्या, की रात्रपाळी करणारा माणूस घरी आल्यावर काय खातो. लग्न नोंदणी पद्धतीने झालं. सगळ्यांत जास्त धावपळ साडूंनी केली, आणि सही करताना पेन नीट चाललं नाही तेव्हा त्यांच्याकडे जादा पेनं निघाली ती चार.

अण्णांकडे एक रीत आहे. लग्न झालं की त्या मुलीचं नाव मंडळातून काढायचं. लग्नानंतरच्या रविवारी आम्ही पुढच्या खोलीत बसलो होतो. धाकटी बदलापूरला गेलेली. फोनवर माहिती भरायला शिकवणारं कुणी नव्हतं, म्हणून मीच एका आजोबांना शिकवत होतो आणि त्यांचं वय शून्य भरून बसलो होतो. अण्णा म्हणाले, "जावईबापू, आपल्या मुलीचं नाव काढून टाका आता." साडूंनी लॅपटॉप मांडीवर घेतला. या वेळी हुकूम अगदी नेमका दिला, एकच नाव, एकच ओळ. प्लंबरने विचारलं, 'ही नोंद कायमची निघून जाईल. नक्की काढू?'

साडूंनी आधी ती नोंद उघडली. त्या ओळीत तिची जन्मतारीख होती, उंची होती, आणि अपेक्षांच्या रकान्यात तिने स्वतः लिहिलेलं एकच वाक्य होतं, 'माणूस बरा असावा.' मग त्यांनी हळूच लिहिलं, 'थांब जरा.'

'ठीक आहे,' उत्तर आलं, 'मी थांबतो.'

साडूंनी झाकण मिटलं आणि मला म्हणाले, "चला दादा, चहा टाकू या." शोधाबिधाचं काही बोलले नाहीत. त्यामुळे धाकटीला अजूनही अधूनमधून शनिवारी स्थळं येतात, आणि तिचा नवरा ती मोठ्याने वाचून दाखवतो. तिने एकदा फोन करून विचारलंही, "भावजी, माझं नाव काढलं नाहीत का?" साडू म्हणाले, "काढतो गं, काढतो. घाई काय आहे?"