डब्यांवरची काजळी

हौसाआक्कांनी मला आसरा दिला. सातवीत शाळा सोडून घरापासून इतक्या लांब आलो, ओळखदेख काही नव्हती, तरी त्यांनी आपल्या एकुलत्या एका खोलीतला माळा मला राहायला दिला. म्हणूनच परवाचं ते दृश्य डोळ्यांसमोरून हलत नाही.

एका रॅपरचा नवा अल्बम कधीचा रखडलाय. लोकांनी विसरू नये म्हणून त्याची झलक काढायची होती, त्या शूटिंगला तो आणि त्याची माणसं आमच्या वस्तीत आली. आक्कांच्या घरात बसून तो उपाशी दिवसांचं गाणार होता. त्याच्या माणसानं आत नजर फिरवली. "मावशी, भांडी फारच चकचकीत आहेत. गरिबी वाटत नाही." आणि न विचारताच मांडणीवरच्या स्टीलच्या डब्यांना त्यानं काजळी फासली.

आक्का म्हणाल्या, "अरे बाबा, गरीब आहोत, घाणेरडे नाही."

तो हसला. मला त्या काळ्या बोटांची किळस आली, अजून येते. दुसऱ्याची गरिबी विकणाऱ्यांना ती मळकीच लागते. घासूनपुसून जपलेली अब्रू त्यांच्या काय कामाची? अल्बमची तारीख पुन्हा पुढे गेली म्हणे. वस्तीतली पोरं हळहळतात, मी मात्र धास्तावलोय. आता आधी ती झलकच येईल, मी राहतो ते घर गावी आई मोबाइलवर बघेल आणि म्हणेल, कुठल्या उकिरड्यात राहतं माझं पोरगं!

आक्का, तुमचे उपकार मी फेडणार. एक दिवस तुम्हाला गावी नेईन, आईसमोर बसवीन आणि सांगीन, मी यांच्या घरी राहतो.