वैजनाथरावांचं काचेचं कपाट

वैजनाथरावांची उमेदीची सगळी वर्षं नागापूरच्या एमआयडीसीत, मसाल्याच्या एका कारखान्यात गेली. त्यांचं काम नाकाचं. धने, हळद, मिरची, दालचिनीची पोती उतरली की मूठभर माल तळहातावर चोळायचा, डोळे मिटून हुंगायचा आणि हा ठेवा, हा परत पाठवा, असं सांगायचं. जन्म काष्टीच्या पुढच्या मळ्यातला. बारावीनंतर शिकायला नगरला आले, नोकरी लागली, सावेडीत घर झालं आणि ते नगरचेच होऊन गेले. मळा धाकट्या भावाने, अंगदने, सांभाळला. ऊस, कांदा, चार दुभत्या गाई. दोघा भावांत कधी वाटणीवरून शब्द झाला नाही.

पुढे कंपनीने एका यंत्राच्या पाहणीसाठी वैजनाथरावांना स्कॉटलंडला धाडलं. रविवारी तिथल्या माणसांनी त्यांना व्हिस्कीची भट्टी दाखवायला नेलं. त्याआधी वैजनाथराव लग्नकार्यात कुणी आग्रह केला तर एखादा पेग घेत, तोही सोड्यात बुडवून. तिथे त्यांच्या हातात मधे फुगीर, वर निमुळता असा लहानसा ग्लास दिला आणि सांगितलं, पिऊ नका, आधी नाक लावा. त्यांनी नाक लावलं आणि थेट लहानपणीच्या गुऱ्हाळात जाऊन उभे राहिले. काकवीचा वास होता. त्याच्यामागे भिजत घातलेल्या गव्हाचा. चमचाभर पाणी घातल्यावर आणखी एक वास वर आला, सुक्या अंजिराचा. आयुष्यभर पगारासाठी वापरलेलं नाक त्या दिवशी त्यांनी पहिल्यांदा स्वतःसाठी वापरलं.

तिथून हे वेड लागलं. परतल्यावर त्यांनी दारू बाळगण्याचा रीतसर आजीवन परवाना काढला. दिवाणखान्यात काचेची दारं असलेलं सागवानी कपाट करून घेतलं. हळूहळू त्यात बाटल्या आल्या. कुणी परदेशी गेलं की त्याच्याकडून एखादी मागवायची. दर महिन्याच्या एका रविवारी दुपारी मित्र काकासाहेब यायचे. हे भिंगारला राहणारे, लष्करातून निवृत्त झालेले. दोघं समोरासमोर बसायचे आणि एका बोटभर व्हिस्कीवर तास दोन तास काढायचे. हिच्यात बाभळीच्या जळक्या लाकडाचा धूर आहे. नाही, धूर नाही, ओलं गोणपाट आहे. नीट बघ, शेवटाला मीठ लागतंय. असं चालायचं. तिसऱ्यांदा ग्लास कधी भरला गेला नाही. वैजनाथरावांच्या पत्नी मुक्ताबाई शेंगदाणे आणून ठेवत आणि आत निघून जात. त्यांना हे आवडत नव्हतं. पण नवरा कधी झिंगला नाही, आवाज कधी चढला नाही, म्हणून त्या बोलत नसत.

अंगदची गत वेगळी होती. तो संध्याकाळी गाईंच्या धारा काढून डेअरीला दूध घालायचा आणि परतीच्या वाटेवर देशी दारूच्या दुकानात थांबायचा. आधी आठवड्यातून एकदा, मग रोज, मग सकाळचीही. वैजनाथरावांना भावाची काळजी होती, पण त्या काळजीत थोडी नाराजीही मिसळलेली होती. एका दिवाळीला त्यांनी अंगदला समोर बसवून ग्लास भरून दिला. त्यांच्या मनात होतं, की याला एकदा चांगली चव कळली तर ते घाण पिणं आपोआप सुटेल. "घाई करू नको," ते म्हणाले. "आधी वास घे. काय आठवतं सांग."

अंगदने ग्लास नाकाशी नेल्यासारखं केलं आणि एका दमात रिकामा केला. "बरी हाय," तो म्हणाला. "आजून हाय का?"

वैजनाथरावांनी ग्लास उचलून आत नेला. त्या दिवसापासून त्यांच्या मनात एक गोष्ट पक्की झाली. अंगद पितो तो वेगळा प्रकार आणि आपण करतो तो वेगळा. एक व्यसन, दुसरा अभ्यास. दोन्हींमध्ये फक्त बाटली सारखी.

गेल्या उन्हाळ्यात अंगदचे डोळे पिवळे झाले. पोट फुगलं, पायांना सूज आली. त्याची बायको रोहिणी त्याला घेऊन नगरला आली. दवाखान्यात तपासण्या झाल्या. डॉक्टरांनी दोघा नवराबायकोला आणि वैजनाथरावांना एकत्र बसवून सांगितलं, की यकृत बरंचसं गेलं आहे, अन्ननलिकेतल्या शिरा फुगल्या आहेत. यापुढे एक थेंब घेतला तरी रक्ताची उलटी होऊ शकते. काही दिवस दवाखान्यात काढल्यावर अंगदला सोडलं, पण दर आठवड्याला दाखवायला यायचं होतं. गावाहून हेलपाटे नकोत म्हणून वैजनाथरावच म्हणाले, "आमच्याकडेच राहा. बरं वाटेपर्यंत."

त्याच संध्याकाळी स्वयंपाकघरात मुक्ताबाईंनी विषय काढला. "त्या बाटल्या घरातून हलवा."

"कुलूप आहे की कपाटाला."

"कुलूप असलं तरी त्या डोळ्यांसमोर आहेत."

"मी कागद लावतो काचेला," वैजनाथराव म्हणाले. "अगं, त्याला साधी देशी लागते. ह्याच्याकडे तो ढुंकूनही बघणार नाही."

मुक्ताबाईंनी पोळी तव्यावर टाकली. वैजनाथरावांनी काचांना आतून तपकिरी कागद लावला, किल्ली पाकिटात ठेवली आणि काम झालं असं मानलं. काकासाहेबांकडे बाटल्या नेऊन ठेवणं अवघड नव्हतं. पण तिथे ऊन लागेल, कुणी आडव्या ठेवेल, बुचं खराब होतील, अशी कारणं त्यांना सुचत राहिली.

अंगद आज्ञाधारक आजाऱ्यासारखा राहिला. गोळ्या घ्यायचा, अळणी जेवायचा, गॅलरीत बसून रस्त्यावरची वर्दळ बघायचा. हात थरथरायचे ते थांबले. रोहिणीच्या चेहऱ्यावर थोडी तकाकी आली. एकदा अंगदने कपाटाकडे बघून विचारलं, "दादा, कागद माज्यासाठी लावला का?"

"ऊन येतं रे त्याच्यावर," वैजनाथराव म्हणाले.

दिवाणखान्यात ऊन येत नव्हतं. अंगद हसला आणि गॅलरीत गेला.

एका रविवारी सकाळी वैजनाथराव आणि मुक्ताबाई भाजी आणायला गेले. रोहिणी औषधं संपली म्हणून कोपऱ्यावरच्या दुकानात गेली होती. ते दोघं जिना चढून आले तेव्हा दार नुसतं लोटलेलं होतं. आत कपाटाचं एक दार भिंतीला टेकवून उभं केलेलं होतं. कुलूप जसंच्या तसं लटकत होतं. अंगदने बिजागऱ्यांचे स्क्रू काढून दार उतरवलं होतं, काचेला तडासुद्धा जाऊ दिला नव्हता. तो फरशीवर बसला होता, पाठ सोफ्याला लावून. शेजारी पाणी प्यायचं स्टीलचं फुलपात्र आणि एक बाटली.

ती बाटली वैजनाथरावांनी स्वतः स्कॉटलंडहून आणलेली होती. तिकडच्या एका बेटावरची, धुरकट वासाची, खूप वर्षं पिंपात मुरलेली. आपल्या येऊ घातलेल्या निवृत्तीच्या दिवशी काकासाहेबांबरोबर उघडायची म्हणून मागच्या रांगेत राखून ठेवली होती. आता तिच्यात तळाला चार बोटं उरली होती.

"अंगद," वैजनाथराव म्हणाले, "हीच कशाला फोडलीस? पुढं साध्या होत्या की."

हे वाक्य त्यांच्या तोंडून गेलं आणि मग त्यांना भावाचा चेहरा दिसला. राखेसारखा झाला होता. मागे दारात रोहिणी उभी होती, हातात औषधांची पिशवी. तिने ऐकलं होतं. मुक्ताबाईंनीही ऐकलं होतं.

अंगदने काहीतरी सांगायला तोंड उघडलं. तो पुढे वाकला आणि फरशीवर रक्त पडलं, गडद, गुठळ्यांचं. मग पुन्हा. रोहिणी धावली. वैजनाथरावांच्या हातातली भाजीची पिशवी कुठे पडली ते त्यांना आठवत नाही. खाली रिक्षा मिळाली. वाटेत अंगदचं डोकं त्यांच्या मांडीवर होतं आणि सगळ्या रिक्षाभर दोन वास होते, एक रक्ताचा आणि एक धुराचा. नाकाला सवयच तशी. नको असताना ते दोन्ही वेगळे करत राहिलं.

दवाखान्यात दुर्बीण घालून फुटलेली शीर बांधली, रक्त चढवलं. बाहेर बाकावर रोहिणी भिंतीकडे बघत बसली होती. वैजनाथराव तिच्याजवळ गेले. "रोहिणी, मी तसं म्हणायला नको होतं."

"भावजी," ती म्हणाली, "तुमच्या मनात हुतं तेच आलं तोंडातून. त्यात काय." तिचा आवाज रागाचा नव्हता. "मला येवढंच कळंना, की ह्यांच्या बाटलीला मी पंधरा वरसं शिव्या घालती, आन तुमच्या बाटल्यांचं कपाट मी रोज फडक्यानं पुसत हुते. वैनींचं काम हलकं व्हावं म्हनून."

वैजनाथराव बाकाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसले.

अंगद वाचला. डॉक्टर म्हणाले, नशीब की लवकर आणलं. तो बरा झाल्यावर मात्र रोहिणीने सावेडीला परत यायला नकार दिला. गावाकडून गाडी मागवून ती त्याला थेट मळ्यात घेऊन गेली.

घरी वैजनाथरावांनी कपाटाचं दार पुन्हा बसवलं. बाटल्या खोक्यांत भरून काकासाहेबांकडे पोचवल्या. त्यातल्या निम्म्याहून अधिक त्यांनी काकासाहेबांना देऊनच टाकल्या. तळाला चार बोटं राहिलेली ती बाटली मुक्ताबाईंनी आधीच मोरीत ओतली होती. त्यांनी ते सांगितलं नाही आणि यांनी विचारलं नाही. घरात भांडण झालं नाही. पण रात्रीच्या जेवणाला मुक्ताबाई समोर बसायच्या त्या आता आत बसून जेवू लागल्या.

पावसाळा सरता सरता काकासाहेबांचा फोन आला. "किती दिवस असा राहणार? ये एकदा."

वैजनाथराव गेले. मनात त्यांना वाटत होतं, की आता नाकाला धूर लागला की किळस येईल आणि प्रश्न सुटेल. तसं झालं नाही. ग्लास नाकाशी नेला आणि वास पहिल्यासारखाच आला, भरून, एकावर एक थर असलेला. शेवटाला संत्र्याच्या सालीचा कडवटपणाही त्यांनी ओळखला. ती चव अजून तितकीच सुंदर होती आणि त्याचीच त्यांना भीती वाटली. काकासाहेबांनी विचारलं, "काय सापडलं?"

"काही नाही," ते म्हणाले, आणि उरलेलं घाईने संपवलं. संपवल्यावर लक्षात आलं, की आपणही एका दमात प्यायलो.

दुसऱ्या आठवड्यात ते मळ्यात गेले. अंगद गोठ्यासमोर खाटेवर बसून कडब्याच्या पेंढ्या सोडत होता. निम्मा राहिला होता, पण डोळ्यांतला पिवळेपणा गेला होता. रोहिणीने चहा दिला आणि ती गाईंकडे गेली, ऐकू येईल इतक्या अंतरावर.

"मी परवा घेतली," वैजनाथराव म्हणाले. "काकासाहेबांकडे. तुला खोटं सांगायचं नव्हतं."

अंगदने मान हलवली. त्याने पेंढीला बांधलेला आळा उलगडला. मग म्हणाला, "दादा, तवा तू इचारलं ना, हीच कशाला फोडली. मला सांगायचं हुतं, पर उलटीच झाली."

"राहू दे ते."

"न्हाई, ऐक. तू इतकी वरसं त्या बाटलीचं गुणगान गायचा. मला वाटलं, मरायचंच हाय तर दादाला काय दिसतं ते बगू तरी. म्हनून मागची काढली. फुलपात्रात वतली. तू सांगतो तसा वास घेतला." तो थांबला. "धूर हुता. आपल्या आईनं चुलीवर वांगं भाजल्यावानी. खरंच हुता. लई बरं वाटलं."

वैजनाथरावांनी चहाचा कप खाली ठेवला.

"पन तेवढंच," अंगद म्हणाला. "पयल्या घोटालाच. चव कळायला थांबावं लागतं, आन मला थांबता येत न्हाई. दुसऱ्या घोटाला वास बी न्हाई आन चव बी न्हाई. तुला थांबता येतं. त्यात तुजं काय कौतिक न्हाई आन माजा काय गुन्हा न्हाई. तसं हाय बग आपलं."

गोठ्यातून रोहिणीने गाईला हाक मारली. अंगद खाटेची कड हातांनी घट्ट आवळून बसला होता. बोटांची पेरं पांढरी झाली होती. "परवाची कसली हुती?" त्याने हळूच विचारलं. "काय काय सापडलं तिच्यात?"

वैजनाथरावांच्या ओठांवर सगळं तयार होतं. संत्र्याची साल, काकवी, आणि मागून येणारा धुराचा धागा. आयुष्यात पहिल्यांदा भावाने आपणहून विचारलं होतं. त्यांनी त्याच्या हाताकडे बघितलं.

"नको अंगद," ते म्हणाले. "ते बोलायला नको."

"व्हय," अंगद म्हणाला. "नकोच."

मग दोघांनी उरलेल्या पेंढ्या सोडल्या. निघताना रोहिणी गाडीपर्यंत आली. "भावजी, येत जा," ती म्हणाली. "त्यांना बरं वाटतं तुमी आले की. मला आजून न्हाई वाटत, पन येत जा."

आता वैजनाथराव महिन्यातून एकदा मळ्यात जातात. काकासाहेबांकडे जाणं कमी झालं आहे, सुटलेलं नाही. गेले तर एकच ग्लास घेतात आणि त्याच्याबद्दल बोलत नाहीत. काकासाहेबांना ती बैठक पूर्वीसारखी वाटत नाही, आणि खरं तर वैजनाथरावांनाही नाही. अंगद अजून पीत नाही. डॉक्टर म्हणतात, बघू या. मुक्ताबाई अजून आतच बसून जेवतात.